जिवंत जन्मलेल्या अर्भकाचे विधिसंरक्षण

गर्भपाताच्या प्रक्रियेत अर्भक जिवंत बाहेर आल्यास, इतर नवजात अर्भकांप्रमाणेच त्याला व्यक्ती मानून कायद्याने दिलेले संरक्षण. गर्भास इजा होऊन ते मूल जिवंत जन्मले व त्या इजेमुळे पुढे दगावले, तर तो खून ठरतो, असे मत सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सर एडवर्ड कोक याने मांडले होते. जन्म हीच सीमारेषा मानणारे हे तत्त्व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतही रुजले.

तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये रो विरुद्ध वेड खटल्यात गर्भपाताचा घटनात्मक हक्क मान्य केल्यानंतर या तत्त्वाची कसोटी लागली. बॉस्टनमध्ये डॉ. केनेथ इडेलिन यांस अशाच एका प्रकरणी १९७५ मध्ये ज्यूरीने सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले. मात्र १९७६ मध्ये मॅसॅचूसेट्सच्या वरिष्ठ न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

२००२ मध्ये संघीय कायदा संमत झाला. त्यानुसार मातेपासून पूर्णपणे बाहेर आल्यावर श्वसन, हृदयस्पंदन, नाळेतील स्पंदन किंवा ऐच्छिक स्नायूंची निश्चित हालचाल यांपैकी एकही लक्षण असलेले अर्भक, गर्भावस्थेचा काळ व प्रसूतीची रीत काहीही असो, ‘व्यक्ती’ या संज्ञेत येते. जन्मापूर्वीच्या गर्भाच्या दर्जाविषयी मात्र तो मौन बाळगतो. कायद्यात शिक्षेची तरतूद नव्हती. कोणते उपचार बंधनकारक, हेही त्याने सांगितले नाही. ही उणीव भरून काढू पाहणारी विधेयके २०२३ व २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाली. परंतु त्यांचे कायद्यात रूपांतर झाले नाही. बालहत्या आधीच गुन्हा असल्याने अशी तरतूद अनावश्यक आहे आणि जगण्याची शक्यता नसलेल्या अर्भकांवर ती निष्फळ उपचार लादील, असा विरोधकांचा आक्षेप आहे. तर स्पष्ट दंडाविना संरक्षण कागदावरच राहते, असे समर्थक म्हणतात.

भारतात मूल जिवंत जन्मू न देण्याच्या वा जन्मानंतर मारण्याच्या हेतूने केलेले कृत्य, मातेचा जीव वाचविण्यासाठी सद्‌भावनेने केलेले नसल्यास, १८६० च्या दंडसंहितेच्या कलम ३१५ नुसार गुन्हा होता. २०२४ पासून भारतीय न्यायसंहितेतही तशी तरतूद आहे. उपचारांच्या व संगोपनाच्या प्रश्नाला मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये उत्तर दिले : अशा अर्भकाचे प्राण वाचविण्यासाठी आवश्यक वैद्यकीय सोय डॉक्टरांनी व रुग्णालयाने करावी आणि मातापिता जबाबदारी घेण्यास राजी वा समर्थ नसल्यास ती शासनाने स्वीकारावी. संरक्षण केवळ दंडाने पूर्ण होत नाही, त्यासाठी पालनकर्ताही ठरावा लागतो, हे या निर्णयाने स्पष्ट झाले.