अंगणात भरलेली शाळा



मोहगावात बालशिक्षणाविषयी बोलताना आरंभ अमरावतीपासून करावा असे मला वाटते. ताराबाई मोडक यांच्या संसाराचे प्रारंभीचे दिवस आपल्या शेजारच्या त्या शहरात गेले. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. माँटेसोरीबाईंनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह उघडले होते. त्याच विचारातून गिजुभाईंनी १९२० मध्ये हे बालमंदिर उभारले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला.

तथापि एक विसंगती उरलीच. रोममध्ये गरिबांच्या मुलांसाठी निघालेली पद्धती आपल्याकडे महागड्या साहित्यामुळे शहरातील सुखवस्तू घरांची झाली. १९४५ मध्ये ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले ते ही विसंगती दूर करण्यासाठी. बालविवाह आणि लगोलग वैधव्य सोसलेल्या अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. शिंपले, खडे, बिया, पाने हेच तेथील साहित्य ठरले. तरीही गरीब वस्तीतील मुले येईनात. घरी धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार? तेव्हा बाईच त्यांच्या अंगणात गेल्या. अगोदर हातपाय धुणे, केस विंचरणे, मग गाणी आणि गोष्टी. ही अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हे कार्य वाढले; गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळाही निघाली. (शाळा मुलांमागे रानात जाते, ही कल्पना आजही आमच्या निरीक्षकांच्या पचनी पडणार नाही!) १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव लाभले.

आपल्या भागाचा प्रश्न मात्र थोडा निराळा आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. पण घरी मराठी आणि फळ्यावर हिंदी ही आपल्या लेकरांची स्थिती बदलली नाही. त्यात आता इंग्रजीची घाई. तीन वर्षांचे मूल पहिल्या दिवशी गप्प बसते, ते मंद म्हणून नव्हे. त्याचे शब्द तेथे कोणी ओळखत नाही म्हणून. बालवाडीच्या प्रवेशासाठी मुलांच्या परीक्षा व मुलाखती घेऊ नयेत, असे यशपाल समितीने १९९३ मध्येच सांगितले होते.

पालक इमारत पाहतात, गणवेश पाहतात, पाटीवरची अक्षरे पाहतात. बोटांना पुरेसे बळ येण्याआधी गिरवून घेतलेल्या अक्षरांचे मला तरी कौतुक वाटत नाही. मूल माती मळते का, पाणी ओतते का, संत्र्याच्या बिया मोजते का, हे पाहावे. नाव घालण्यापूर्वी एक सकाळ दाराशी उभे राहावे आणि रडणाऱ्या मुलाला बाई जवळ घेतात का, त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतात, ते ऐकावे.