डिपस्टिक कुठे गेली?

यंत्रांच्या इतिहासावरच्या या गप्पांमध्ये आज एका तेलाची गोष्ट सांगणार आहे. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधलं लाल तेल. ते घरच्या घरी बदलता येतं का, असं मला बरेचदा विचारलं जातं, आणि विचारणारा माणूस बहुतेक वेळा तीन उत्तरांमध्ये अडकलेला असतो. गाडीबरोबर आलेलं पुस्तक म्हणतं, हे तेल आयुष्यभराचं आहे. एक गॅरेजवाला म्हणतो, लगेच बदला नाहीतर बॉक्स जाईल. दुसरा म्हणतो, बदललंत तर बॉक्स जाईल. ही तीन उत्तरं कुठून आली हे समजून घ्यायचं तर थेट १९३९ सालापर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांमध्ये 'हायड्रा-मॅटिक' नावाचा गिअरबॉक्स द्यायला सुरुवात केली. अर्ल थॉम्पसन या इंजिनिअरच्या चमूचं हे काम. जादा किंमत ५७ डॉलर. क्लचचं पेडल नाही आणि चारही गिअर आपोआप पडणार. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात लोखंडाचा पक्का जोड नव्हता. तेलात बुडालेले दोन पंखे समोरासमोर होते. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल फेकतो, आणि त्या तेलाच्या जोरावर दुसरा फिरतो. कल्पना मुळात जहाजांसाठीची. वेगाने फिरणारी टर्बाइन आणि सावकाश फिरणारा पंखा यांची सांगड घालायला हेरमान फॉटिंगर या जर्मन इंजिनिअरने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. महायुद्धात हाच हायड्रा-मॅटिक एम५ स्टुअर्ट रणगाड्यांत बसला. रणगाड्यात टिकला तो गाडीत टिकेलच, असं म्हणायला कंपनीच्या जाहिरातवाल्यांना आयतं कारण मिळालं.

आता त्या तेलाकडे बघा. इंजिनातलं तेल प्रामुख्याने वंगण देतं आणि उष्णता वाहून नेतं. गिअरबॉक्समधल्या तेलाला तेवढं करून शिवाय ताकद पोचवायची असते आणि दाबाने झडपा हलवायच्या असतात. त्याहून अवघड म्हणजे, आत क्लचच्या चकत्या असतात, त्या तेलातच एकमेकींना धरतात. दात्यांसाठी तेल निसरडं हवं आणि चकत्यांसाठी पकड देणारं. पकड कमी पडली तर चकत्या घसरून जळतात. जास्त झाली तर गिअर पडताना गाडी हिसका देते. या तेलाचा पुढचा सगळा इतिहास या एका ओढाताणीतून निघालेला आहे.

१९४९ मध्ये जनरल मोटर्सने 'टाइप ए' नावाचं प्रमाण ठरवलं आणि इतर तेल कंपन्यांनाही ते बनवायची परवानगी दिली. गळती झाली तर ती इंजिनाची की गिअरबॉक्सची हे ओळखता यावं म्हणून त्यात लाल रंग घातला. पकड आणि निसरडेपणा यांचा मेळ साधायला त्यात स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळत. नेहमीच्या वनस्पती तेलांपेक्षा किंवा चरबीपेक्षा ते वेगळं असतं. रसायनाच्या दृष्टीने ते पातळ मेणच. उष्णता सोसतं आणि चकत्यांवर मऊ थर धरतं. डेट्रॉइटच्या चकचकीत गाडीत गिअर लोण्यासारखा पडत होता, त्यात समुद्रात मारलेल्या देवमाशाचा वाटा होता. मोबी डिकच्या काळातला धंदा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत गाड्यांच्या पोटात चालू होता म्हणा ना.

त्या काळात हे तेल घरी बदलणं ही अमेरिकेत नवलाची गोष्ट नव्हती. बॉनेट उघडलं की इंजिनाची एक डिपस्टिक आणि गिअरबॉक्सची दुसरी. इंजिन चालू, तेल गरम, लीव्हर पार्कमध्ये, आणि पातळी बघायची. क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटमध्ये मात्र लीव्हर न्यूट्रलला ठेवायचा, कारण पार्कमध्ये त्याच्या कन्व्हर्टरला तेल पोचत नसे. खालच्या तेलाच्या तबकाला निचऱ्याचा प्लग असे. अनेक मॉडेलांत पंख्यांच्या त्या कवचाला, म्हणजे पुढे ज्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणू लागले त्यालाही, वेगळा प्लग असे. झाकण काढायचं, इंजिन हाताने फिरवून प्लग समोर आणायचा आणि तिथलंही तेल काढायचं. म्हणजे जुनं तेल जवळजवळ सगळं निघायचं.

हा कन्व्हर्टरचा प्लग पुढे बहुतेक गाड्यांतून गेला. जनरल मोटर्सच्या अनेक बॉक्सांमध्ये तबकाचा प्लगही राहिला नाही. तबकाचे बोल्ट सैल करायचे, ते एका बाजूने तिरकं करायचं आणि अंगावर तेल घ्यायचं. एवढं करूनही कन्व्हर्टरमधलं तेल आतच. हिशोब करून बघा. बॉक्समध्ये दहा लीटर तेल आहे आणि तबक काढल्यावर चार निघतं. एकदा बदललं की नवं तेल ४० टक्के. थोडी गाडी चालवून पुन्हा बदललं की ६४, तिसऱ्यांदा ७८. गॅरेजमध्ये 'ऑइल चेंज केलं' म्हणतात तेव्हा यातलं नेमकं काय केलं ते विचारावं. बिलावर शब्द तोच असतो.

मग तेलाची जात फुटली. टाइप ए बराच काळ सगळ्यांना चालत होतं, पण फोर्डला जास्त पकड देणारं तेल हवं होतं आणि त्यांनी वेगळा रस्ता धरला. १९६७ मध्ये फोर्डचं टाइप एफ आलं, त्याच वर्षी जनरल मोटर्सचं डेक्स्रॉन आलं. रंग दोन्हींचा लाल, वागणूक वेगळी. १९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेल संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातला आणि त्याच्या तेलाची आयात थांबली. जुना घटक गेला, त्याची जागा घेणारी रसायनं शोधावी लागली. डेक्स्रॉन-२ च्या सुरुवातीच्या एका प्रकाराने तर तेल थंड करणाऱ्या कूलरचा डाखच खायला सुरुवात केली, मग त्यात गंजरोधक घालून सुधारित तेल आणलं. व्हेलच्या तेलाच्या सर्वांत जवळचं वनस्पतीतलं तेल म्हणजे जोजोबा. ते आज राजस्थानात पिकतं, पण जातं क्रीम आणि शांपूच्या बाटलीत.

या शोधाशोधीतून तेलं खरोखरच चांगली झाली. कृत्रिम बेस ऑइल आलं, ते उष्णतेत जास्त टिकू लागलं. इथपर्यंत कंपन्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण 'जास्त टिकतं' पासून 'बदलायचंच नाही' ही उडी मोठी आहे. १९९६ च्या सुमारास मर्सिडीजचा पाच गिअरचा ७२२.६ हा बॉक्स आला. पुण्यात जोडल्या गेलेल्या ई-क्लास गाड्यांमध्येही तो होता. त्याला डिपस्टिकची नळी आहे, पण आत डिपस्टिक नाही! नळीच्या टोपणाला प्लास्टिकची खीळ, टोपण काढायचं तर ती मोडावीच लागते. पातळी मोजायची पट्टी वर्कशॉपकडे असते, तिच्यावर २५ आणि ८० अंश सेल्सियसच्या खुणा. हाच बॉक्स अमेरिकेत क्रायस्लरने वापरला, तेव्हा टोपणावर 'फक्त डीलरसाठी' असं छापलं. ज्या नळीतून एके काळी मालक तेल बघत होता, ती नळी राहिली आणि मालक बाहेर पडला.

मालकांचीही बाजू सांगतो. डिपस्टिक असताना लोक गार तेलाची पातळी बघून वरून भरत. जास्त झालेलं तेल आत घुसळून फेसाळतं, फेसाला दाब येत नाही, आणि चकत्या घसरतात. हाताला लागेल ते लाल तेल ओतणारेही होते. त्यामुळे झाकण बंद करण्यामागे नुसती नफेखोरी होती असं मी म्हणणार नाही. पण देखभालीचा खर्च कागदावर कमी दिसला की गाडी विकायला सोपी जाते, हेही खरंच.

मर्सिडीजने पुढे त्या 'आयुष्यभराच्या' तेलाचा शब्द मागे घेतला आणि बदलायची वेळ ठरवून दिली. त्याहून बोलकं उदाहरण झेडएफ या जर्मन कंपनीचं. बीएमडब्ल्यूसह अनेक कंपन्यांना ती ऑटोमॅटिक बॉक्स पुरवते. गाडीवाल्यांनी तेल आयुष्यभराचं म्हटलं, तरी बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः सांगते की ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं झाली की तेल बदला.

आयुष्य कोणाचं, हा प्रश्न इथे आपल्या दारात येतो. आपल्याकडे खासगी गाडीची पहिली नोंदणीच १५ वर्षांची. वॉरंटी संपते, पहिला मालक गाडी विकून मोकळा होतो, आणि बाराव्या वर्षी गाडी ज्याच्या दारात उभी असते त्याच्यासाठी त्या पुस्तकात ओळच नसते. त्यात बंगळुरूची किंवा पुण्याची संध्याकाळची वाहतूक. सरकत्या रांगेत कन्व्हर्टर सतत घसरतो, तेल तापतं, आणि तेलाचं वय किलोमीटरपेक्षा तापण्याने वाढतं. 'बदललं की बॉक्स जातो' ही समजूत बहुतेक इथेच जन्मली. लोक तेल बदलतात ते बॉक्स घसरायला लागल्यावर. चकत्या तोवर संपलेल्या असतात, दोष मात्र नव्या तेलाला लागतो.

आपल्या मेकॅनिक मंडळींना लाल तेल ऑटोमॅटिक गाड्यांच्या आधीपासून माहीत आहे, कारण तेच कित्येक गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये जात होतं. म्हणून 'लाल ऑइल टाकून देतो' हे वाक्य सहज येतं. सीव्हीटीत आत पट्टा किंवा साखळी असते, तिला स्वतःचं तेल लागतं. दुहेरी क्लचच्या बॉक्सला वेगळं. आणि २०१४ मध्ये सेलेरिओने घराघरांत पोचवलेला एएमटी हा तर आतून साधा हाती गिअरबॉक्स आहे. क्लच दाबणारा पाय तेवढा यंत्राचा, बॉक्समध्ये साधंच गिअर ऑइल. त्यामुळे आधी आपला बॉक्स कोणता ते बघायचं, मग पुस्तकात लिहिलेलं तेलाचं नेमकं नाव, आणि तेच नाव डब्यावर.

घरी करायचंच असेल तर गाडी जॅकवर नाही, पक्क्या स्टँडवर घ्या, आणि सपाट. डिपस्टिक नसलेल्या बहुतेक बॉक्सांना एक भरायचा आणि एक पातळीचा प्लग असतो. कंपनीने दिलेल्या तापमानाला, ते बरेचदा ४० अंशांच्या आसपास असतं, इंजिन चालू ठेवून पातळीच्या प्लगमधून तेल बारीक धारेने येऊन थेंबांवर थांबलं की पातळी बरोबर. तापमान वाचायला स्कॅनर लागतो. निघालेलं तेल मोजून ठेवा, तेवढंच नवं भरून मग पातळी बघा. ते जुनं तेल गटारात ओतू नका, कायद्याने तो घातक कचरा आहे. गॅरेजकडे द्या, म्हणजे ते अधिकृत पुनर्वापरवाल्याकडे जाईल. आणि निचऱ्याचा प्लग उघडण्याआधी भरायचा प्लग सुटतो का ते बघून घ्या. तो गंजून अडकलेला असेल तर त्या दिवशी काम सुरूच करू नका.