भारतरत्न : नियमातील शब्दांचे वाद

भारतरत्न हा देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान. त्याची स्थापना २ जानेवारी १९५४ रोजी झाली. आरंभीच्या नियमात मरणोत्तर गौरवाची तरतूद नव्हती. ती १९५५ मध्ये करण्यात आली. मोरा बंदर ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील गागोदे येथे जन्मलेल्या विनोबा भावे यांना १९८३ मध्ये हा सन्मान मिळाला तो या तरतुदीमुळेच.

खरा पेच पात्रतेच्या शब्दांचा होता. कला, साहित्य व विज्ञान यांच्या उन्नतीसाठी केलेली असामान्य सेवा आणि सर्वोच्च कोटीची लोकसेवा, एवढाच मूळ नियमाचा आवाका. सचिन तेंडुलकर यांच्यासाठी मागणी जोर धरू लागली, तेव्हा नियमात खेळाचा उल्लेखच नाही, ही अडचण पुढे आली. वास्तविक उद्योगाचाही उल्लेख नव्हता. तरी १९९२ मध्ये जे. आर. डी. टाटा यांचा गौरव झाला. 'लोकसेवा' हा शब्द उद्योगपतीपर्यंत ताणता येतो, तर फलंदाजापर्यंत का नाही, हा प्रश्न गैरलागू म्हणता येणार नाही. अखेर २०११ मध्ये 'मानवी प्रयत्नांचे कोणतेही क्षेत्र' अशी व्यापक शब्दरचना करण्यात आली आणि १६ नोव्हेंबर २०१३ रोजी तेंडुलकर यांचे नाव जाहीर झाले.

सुभाषचंद्र बोस यांच्या बाबतीत तर एकच शब्द आडवा आला. १९९२ च्या घोषणेत त्यांच्या नावापुढे 'मरणोत्तर' असे लिहिले होते. त्यांच्या मृत्यूविषयीच वाद असल्याने या शब्दाला आक्षेप घेण्यात आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९७ मध्ये ते प्रसिद्धीपत्रक रद्द समजावे, असे न्यायालयाने जाहीर केले.