मणक्यातली ‘गॅप’ म्हणजे नेमकं काय? चकतीची झीज, दाह आणि तरुणांची कंबरदुखी

भोर-वेल्ह्याकडे भातलावणी सुरू झाली की दिवसभर चिखलात कमरेतून वाकून काम करावं लागतं. तिथलीच बरीच तरुण मुलं एरवी शिरवळ, खेड शिवापूर किंवा थेट पुण्यापर्यंत बाईकने कामाला जातात. अशा पंचविशीतल्या एखाद्याच्या कमरेत उसण भरते, कळ पायात उतरते, पुण्यात जाऊन एमआरआय होतो आणि घरात एकच शब्द फिरायला लागतो: गॅप. मग ‘आता शेती बंद, ओझं बंद’ हेही आलंच. पण एमआरआयमध्ये दिसणारी झीज आणि प्रत्यक्ष दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातला दुवा बऱ्याचदा दाह असतो.

दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते. आत पाणीदार, जेलीसारखा गाभा आणि बाहेर कोलॅजनच्या थरांचं कडं, साधारण टायरच्या थरांसारखं. गाभ्यातलं अ‍ॅग्रेकन पाणी धरून ठेवतं, म्हणून चकती दाब झेलू शकते. हा दाब किती? १९९९ मध्ये जर्मनीतल्या हान्स-योआखिम विल्के यांच्या गटाने एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत सेन्सर बसवून तो मोजला. उभं असताना साधारण ०.५ मेगापास्कल, गुडघे वाकवून २० किलो उचलताना १.७ आणि पाठ वाकवून उचलताना २.३.

चकतीची अडचण अशी की तिच्या आतल्या भागात रक्तवाहिन्याच नाहीत. ऑक्सिजन आणि ग्लुकोज शेजारच्या मणक्यांतून झिरपत येतात, त्यामुळे दुरुस्ती फार सावकाश होते.

दाहाचा लूप

पेशींवर ताण आला किंवा पोषण कमी पडलं की त्या टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१ बीटा असे रासायनिक संदेश सोडतात. त्यांच्यामुळे अ‍ॅग्रेकन आणि कोलॅजन तोडणारी एन्झाइम्स वाढतात. अ‍ॅग्रेकन गेलं की पाणी गेलं, पाणी गेलं की कड्यावर जास्त ताण, आणि ताण आला की पुन्हा तेच संदेश. प्रोग्रामिंगच्या भाषेत, बाहेर पडायची कंडिशन न लिहिलेला लूप. पुढे कड्याला भेगा पडल्या तर त्यातून रक्तवाहिन्या आणि नसांची टोकं आत शिरतात. आधी मुकी असलेली जागा मग दुखायला लागते.

पायात कळ येते ती ‘नस दबल्यामुळे’ असं आपण म्हणतो, पण ते अर्धंच खरं आहे. स्वीडनमध्ये शेल ओल्मार्कर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये डुकरांच्या नसांच्या मुळांवर गाभ्याचा पदार्थ नुसता ठेवला, दाब अजिबात दिला नाही. तरी नसांचं काम मंदावलं.

गंमत म्हणजे हाच दाह साफसफाईही करतो. बाहेर आलेला तुकडा मॅक्रोफेज पेशी खाऊन टाकतात. मोठा, पूर्ण सुटलेला तुकडा तर बऱ्याचदा जास्त आक्रसतो. म्हणूनच अनेकांचं दुखणं काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय कमी होतं.

रिपोर्ट कसा वाचायचा?

२०१५ मध्ये ब्रिंजिकजी यांच्या गटाने काहीही न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा आढावा घेतला. विशीतल्यांमध्येच ३७ टक्के जणांत चकतीची झीज होती. एमआरआय हा स्क्रीनशॉट आहे, आत्ता कोणती प्रोसेस चालू आहे ते तो सगळं सांगत नाही. लावणीला किंवा बाईकला सगळा दोष देणंही घाईचं ठरेल: फिनलंडमधल्या जुळ्या भावांच्या अभ्यासात झिजेमागे कामापेक्षा आनुवंशिकतेचा वाटा बराच मोठा निघाला.

उसण भरल्यावर तोरणा चढायला जाऊ नका, पण अंथरूणही धरू नका. झेपेल तेवढं चालणं-फिरणं चालू ठेवलेलं बरं. दाहशामक गोळ्या थोडे दिवस, तेही डॉक्टरांना विचारूनच.

एक वेगळा आजार मात्र ‘गॅप’ म्हणून वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहतो: अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस. तो बहुधा चाळिशीच्या आत सुरू होतो. सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ पाठ आखडलेली असते, आरामाने दुखणं वाढतं आणि हालचालीने कमी होतं. असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. याची औषधं वेगळी आहेत. आणि लघवी अडकली, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद अचानक गेली, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठा.