खोक्यावरचं नाव आणि आतली चिप

शहापूरहून मुंबईचा संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठायचा तर आसनगावला लोकल धरायची, दादरला गाडी बदलायची आणि ग्रँट रोडला उतरायचं. मुरबाडला रेल्वेच नाही, त्यामुळे तिथल्या माणसाला आधी एसटीने कल्याण गाठावं लागतं. एवढं करून आणलेलं नेटवर्क कार्ड लिनक्सने ओळखलंच नाही, तर अख्खा दिवस पाण्यात. ‘आधी तपासा, मग बसवा’ या लिनक्सवाल्यांच्या जुन्या रिवाजाची खरी किंमत अशा तालुक्यांत कळते.

हा रिवाज लिनक्सइतकाच जुना आहे. ऑगस्ट १९९१मध्ये लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सने आपल्या कामाची पहिली वर्दी दिली, तेव्हाच सांगून टाकलं होतं, की हे ३८६ प्रोसेसरसाठी आहे आणि एटी हार्ड डिस्कशिवाय बहुधा दुसरी कुठली डिस्क चालणार नाही. त्याच्याकडे तेवढंच यंत्र होतं. पुढे अनेक कंपन्या आपल्या कार्डांची माहिती द्यायला तयार नसत. मग वापरणाऱ्यांनीच काय चालतं आणि काय नाही याची ‘हार्डवेअर कम्पॅटिबिलिटी हाउटू’ नावाची यादी केली. निव्वळ एकमेकांच्या अनुभवावर उभं राहिलेलं हे काम फार मोठं आहे.

भारतात पीसीक्वेस्ट मासिकाच्या सीडीमुळे लिनक्स घरोघरच्या पीसीपर्यंत पोचलं. त्यामागे बेळगावात शिकलेले अतुल चिटणीस होते. सीडी हातात आली, तरी मोडेम आडवा यायचा. स्वस्तातल्या ‘विनमोडेम’चं निम्मं काम विंडोजमधलं सॉफ्टवेअरच करायचं, लिनक्समध्ये तो मुका. जाणकार चार पैसे जास्त मोजून सीरियल पोर्टला लावायचा बाहेरचा मोडेम घेत. नेटवर्क कार्ड घेताना ते खोक्यावरचं नाव बघत नसत, कार्ड उलटसुलट करून चिपवरचा बारीक नंबर वाचत. नाव तेच राहायचं आणि आतली चिप गुपचूप बदललेली असायची.

सगळ्याच यंत्रांना ही तपासणी लागत नाही. शहापूर तालुक्यातली पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा टॅब्लेटवरच्या शिक्षणासाठी राज्यभर गाजली. अँड्रॉइड टॅब्लेटच्या पोटातही लिनक्सचाच गाभा असतो, पण तिथे यंत्र आणि प्रणाली कारखान्यातूनच जुळवून येतात. सर्व्हरचं तसं नाही, आणि सेकंडहँड सर्व्हरचं तर नाहीच.

२०१९च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ने सर्व्हरच्या डिस्क सांभाळणाऱ्या जुन्या रेड (RAID) कंट्रोलरांचे बरेच ड्रायव्हर काढून टाकले. अशा जुन्या सर्व्हरवर ती बसवायला गेलं, तर मशीन चालू होतं, पंखे घोंघावतात, पण इन्स्टॉलरला एकही डिस्क दिसत नाही. २०२२च्या ९व्या आवृत्तीने जुने ६४-बिट प्रोसेसर वगळले आणि २०२५च्या १०व्या आवृत्तीने ती रेषा आणखी पुढे सरकवली. रेड हॅटशी जुळणाऱ्या आल्मालिनक्सने मात्र आपल्या १०व्या आवृत्तीची जुन्या प्रोसेसरांसाठी वेगळी प्रत ठेवली, हे चांगलं केलं.

म्हणून वापरलेला सर्व्हर घ्यायला निघताना, जी आवृत्ती बसवायची आहे तिचाच पेनड्राइव्ह खिशात ठेवा. दुकानातच मशीन त्यावरून चालू करा. डिस्क दिसते का आणि नेटवर्क लागतं का ते बघा, आतल्या चिपांची नावं दाखवणाऱ्या ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेची यादी उतरवून घ्या आणि मगच पैसे द्या.