धनुर्वाताचा बीजाणू आणि भक्षक पेशी

ऑक्सिजनविना जगणारे, म्हणजेच विनॉक्सी, जीवाणू असतात हे लुई पाश्चर यांनी १८६१ मध्ये दाखवले. मात्र अशा जीवाणूंशी शरीर कसे झुंजते, हा प्रश्न ऐरणीवर आला तो धनुर्वातामुळे. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत शिबासाबुरो कितासातो यांनी मिश्र वाढ ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून इतर जीवाणू मारले, उष्णता सोसणारे बीजाणू, म्हणजे जीवाणूंची सुप्त रूपे, तेवढी उरवली आणि हायड्रोजनच्या वातावरणात १८८९ मध्ये धनुर्वाताच्या जीवाणूची शुद्ध वाढ मिळवली. पुढच्याच वर्षी त्यांनी व एमिल फॉन बेरिंग यांनी प्रतिकारक्षम केलेल्या प्राण्याच्या सीरमने, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाने, या जीवाणूचे विष निष्प्रभ होते हे सिद्ध केले. त्यामुळे जंतूंना गिळणाऱ्या भक्षक पेशींवर भिस्त ठेवणारा एली मेच्निकॉव्ह यांचा सिद्धान्त मागे पडतो की काय, असे अनेकांना वाटू लागले.

याला उत्तर दिले ते फ्रेंच लष्करी वैद्य वायार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण प्रयोग तोच म्हणावा लागेल. विष काढून टाकलेले बीजाणू प्राण्यांना टोचले, तेव्हा पांढऱ्या पेशींनी ते गिळले आणि प्राणी निरोगी राहिले. त्याच बीजाणूंसोबत थोडे विष किंवा लॅक्टिक आम्ल दिले, की पेशींचा प्रतिकार ढासळे आणि धनुर्वात होई. म्हणजे नुसता बीजाणू पुरेसा नव्हता, पेशींना हतबल करणारी परिस्थितीही लागत होती.

पहिल्या महायुद्धात फ्लँडर्सच्या शेणखताने भरलेल्या शेतांत ती परिस्थिती भरपूर होती. तोफगोळ्यांनी चिरडलेल्या, रक्तपुरवठा तुटलेल्या स्नायूंत वायुकोथ, म्हणजे ऊती सडवून त्यांत वायू निर्माण करणारा, विनॉक्सी जीवाणूंचाच आणखी एक रोग, झपाट्याने पसरे. मातीतील कॅल्शियमचे विद्राव्य क्षारही ऊतींचा प्रतिकार मोडतात, असे बुलक आणि क्रेमर यांनी १९१९ मध्ये दाखवले. अशा जखमेत न्यूट्रोफिल या अग्रभागी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे एक प्रमुख हत्यार बोथट होते, कारण जंतुनाशक रसायने तयार करण्यासाठी त्यांना ऑक्सिजनच लागतो. शिवाय वायुकोथाच्या जीवाणूचे अल्फा विष पेशींची पटले फोडते आणि पांढऱ्या पेशींना बिंबिकांसह, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणांसह, रक्तवाहिन्यांतच चिकटवून ठेवते. त्यामुळे सडलेल्या स्नायूच्या छेदात जीवाणूंची दाटी दिसते, पण पू करणाऱ्या पेशी जवळजवळ आढळत नाहीत. मृत ऊती कापून काढण्याची शल्यचिकित्सा त्या युद्धात रूढ झाली, तिचे मोल यातून कळते.

धनुर्वाताची गोष्ट त्याहून विलक्षण आहे. त्याचे विष इतके प्रखर असते की प्राणघातक मात्रासुद्धा प्रतिपिंडे बनवणाऱ्या लसीका पेशींना जागे करण्यास अपुरी पडते; म्हणूनच या रोगातून वाचलेल्या माणसालाही पुन्हा धनुर्वात होऊ शकतो आणि त्याला लस टोचावीच लागते.