सत्तावीस ऑक्टोबरची पहाट

लष्करी सत्तापालट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे परदेशातले रणगाडे उभे राहतात. वास्तविक आपले सेलू ज्या राज्यात होते, त्या हैदराबादेतच १९४७ साली असा एक प्रकार घडला. १७ सप्टेंबरला आपण दरवर्षी झेंडावंदन करतो. २७ ऑक्टोबर मात्र कोणाच्या ध्यानात नाही. आम्ही त्या पिढीतले नव्हेत. शाळाही आमची सातवीतच सुटली. हमालांच्या संघटनेचे काम करता करता जे वाचले, त्याच्या बळावर येथे उभे आहोत.

हैदराबादेत राजा होता आणि मंत्रिमंडळही होते. १९१९ पासून कार्यकारी मंडळ होते, त्याचा अध्यक्ष सदर-ए-आझम म्हणवला जाई. परंतु शेवटचा शब्द फर्मानाचा! जबाबदार राज्यपद्धती मागणाऱ्या स्टेट काँग्रेसवर १९३८ साली जन्मापूर्वीच बंदी आली. म्हणजे राज्यघटनेचा अंगरखा होता, आत अंग नव्हते. हे आधी समजून घेतले पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट उमगणार नाही.

१९४७ च्या ऑक्टोबरात हिंदुस्थान सरकारशी ‘जैसे थे’ कराराची बोलणी चालली होती. छत्तारीचे नबाब सदर-ए-आझम होते. घटनाविषयक सल्लागार होते सर वॉल्टर मॉंक्टन. १९३६ साली इंग्लंडच्या आठव्या एडवर्डने गादी सोडली, तेव्हा त्याला सल्ला देणारे हेच गृहस्थ. कार्यकारी मंडळाने सहा विरुद्ध तीन मतांनी करार मान्य केला, निजामानेही होकार दिला. सही मात्र आजची उद्यावर गेली. २७ तारखेच्या सकाळी शिष्टमंडळ दिल्लीस निघायचे होते. त्या पहाटे तीनच्या सुमारास रझाकारांच्या हजारोंच्या जमावाने छत्तारी, मॉंक्टन आणि सर सुलतान अहमद यांच्या घरांना वेढा घातला. पोलिसांनी जमाव हटवला नाही. अखेर फौजेने मंडळींना बाहेर काढून सुखरूप जागी नेले.

येथे जरा थांबावेसे वाटते. फौजेने प्रधानाचा जीव वाचवला, पण प्रधानाची सत्ता वाचवली नाही. जमावावर कारवाई झाली नाही, कोणाला अटक झाली नाही. उलट जमावाचा पुढारी कासीम रझवी, आपल्या लातुरात वकिली केलेला, राजाच्या सल्ल्याला बसला. हिंदुस्थान काश्मिरात गुंतला आहे, आता जास्त पदरात पडेल, हा त्याचा हिशेब. त्याच दिवशी हिंदी फौज विमानाने श्रीनगरला उतरत होती. छत्तारींनी राजीनामा दिला, नवे शिष्टमंडळ गेले, नोव्हेंबरअखेर मीर लायक अली सदर-ए-आझम झाले.

आणि करार? २९ नोव्हेंबरला त्यावर सही झाली, जवळजवळ जुन्याच मसुद्यावर. भांडण कागदाचे नव्हतेच. राज्य कोणाच्या हुकमाने चालायचे, याचे होते. १७७३ साली गारदी शनिवारवाड्यात घुसले, तेव्हा निदान थकलेल्या पगाराची ओरड तरी होती!

आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना येथे १९२० चे बर्लिन आठवते. काप नावाच्या माणसाने पलटणीच्या जोरावर १३ मार्चला राजधानी घेतली. कामगारांनी सार्वत्रिक संप केला. आगगाड्या थांबल्या, वीज गेली, सरकारी नोकरांनी हुकूम मानले नाहीत. चार-पाच दिवसांत काप पळाला. हैदराबादेतही रेल्वे होती, गिरण्या होत्या. मनमाड-काचीगुडा गाडी आपल्या सेलूवरूनच जाई. मग कोणी का थांबले नाही? स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात, मखदूम मोहिउद्दीन यांच्यासारखे कामगार पुढारी भूमिगत. आणि खरे सांगायचे तर छत्तारींचे मंत्रिमंडळ हे लोकांचे नव्हतेच. ते वाचवायला कोण, कशासाठी संप करील? कापविरुद्ध संप करणाऱ्यांनी ते सरकार मते देऊन आणले होते. आपल्याकडे मत होते कोठे?

पुढले अकरा महिने मराठवाड्याने भोगले. २२ ऑगस्ट १९४८ च्या सुमारास ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. ते मुसलमान होते आणि विलीनीकरणाच्या बाजूचे होते, हे विसरून चालणार नाही. पोलीस कारवाईनंतरच्या सूडात जे निरपराध मुसलमान मारले गेले, तेही विसरता येणार नाहीत. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने कारवाईच्या वेळी व नंतर मिळून मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार दिला. झेंडावंदनाच्या भाषणात हा आकडा आम्ही तरी कधी ऐकला नाही.

२३ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने रेडिओवरून सांगितले की, एका लहान टोळीने प्रधानाच्या घराला वेढा घातला आणि लायक अली मंत्रिमंडळ आपल्यावर लादले. राजा खरोखर कैदी होता काय? आम्हाला ते पटत नाही. १७ सप्टेंबरला त्या मंत्रिमंडळाचा राजीनामा घ्यायला एक दिवस पुरला. तो दिवस आदल्या ऑक्टोबरातही होता. सही उद्यावर ढकलणाऱ्या माणसाला वेढा फारसा नकोसा नसावा.

१९५० च्या २६ जानेवारीस तेच मीर उस्मान अली खान हैदराबादचे राजप्रमुख झाले, भारताच्या राज्यघटनेखाली. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत ते पदावर राहिले. दुसऱ्या दिवशी परभणी जिल्हा मुंबई राज्यात गेला.